छप्पर आणि शेजार

"घरीं विचारून सांगतों," असें मनुष्य म्हणतो तेव्हां तो भिंतींना विचारणार नसतो. मराठींत घर हा शब्द वास्तूला लागतो तसाच वास्तूंतील माणसांनाही लागतो, आणि बहुतेकांच्या आयुष्यांत हे दोन अर्थ इतके एकजीव झालेले असतात कीं त्यांना वेगळें करून पाहण्याचा प्रसंगच येत नाहीं. तो प्रसंग येतो बेघर मनुष्यावर. २०११ सालच्या शिरगणतींत भारतांत छपरावांचून राहणारे १७ लाख ७० हजारांवर लोक मोजले गेले. त्यांतील कोणाला उद्यां एक खोली मिळाली, तर शिरगणतीच्या दृष्टीनें तो बेघर उरत नाहीं. परंतु ज्याला घरीं कांहीं विचारावें असें कोणीच नाहीं, त्याच्या बाबतींत अर्धेंच काम झालेलें असतें. आणि दीर्घकाळ रस्त्यावर राहून ज्याचें मन आजारी झालें आहे, त्याच्या बाबतींत तर या उरलेल्या अर्ध्या कामावरच पहिल्या अर्ध्याचा टिकाव पुष्कळ अंशीं अवलंबून असतो.

रस्त्यावरचें जिणें आणि मनोविकार यांचा संबंध दुहेरी आहे. छिन्नमनस्कतेसारखा विकार जडलेला मनुष्य घरांतून निघून जातो, किंवा त्याला घालवून देण्यांत येतें, हें आपल्याकडे पुष्कळांनीं पाहिलेलें असतें. याची दुसरी बाजू तितकीशी लक्षांत येत नाहीं. धडधाकट मनाचा मनुष्यही रस्त्यावर आला म्हणजे त्याची पहिली वस्तु हरवते ती झोप. बोचकें कोणी नेऊं नये, शिपायानें उठवूं नये, दारुड्यानें लाथ मारूं नये, म्हणून रात्रभर एक डोळा उघडा ठेवावा लागतो. स्त्रियांना तर याहून कितीतरी मोठें भय असतें. महिनोन् महिने अशी अर्धी झोप घेणाऱ्याचें मन शंकेखोर झालें तर त्यांत नवल नाहीं. ज्या ठिकाणीं सावध राहिल्यावांचून निभाव लागत नाहीं, तेथें तो संशय रोग म्हणून उगवत नाहीं. सवय म्हणून उगवतो आणि मग रोगासारखा मुरतो.

तरीही रस्ता अगदीं निर्जन नसतो. टपरीवरचा चहावाला, शेजारीं पथारी टाकणारा, देवळाच्या पायऱ्यांवरची नेहमींची मंडळी, अन्नदानाच्या रांगेंत पुढेंमागें उभे राहणारे, असा एक गोतावळा तेथें जमलेला असतो. तो भांडतो, उसने पैसे बुडवतो, व्यसनांत ओढतो. पण अमका दोन दिवस दिसला नाहीं हेंही त्यांतल्या कोणाच्या तरी ध्यानांत येतें. खोली मिळाली कीं हें सारें एका दिवसांत सुटतें. दार लागतें, आणि कित्येक वर्षांनीं प्रथमच पूर्ण शांतता वाट्याला येते. ही शांतता सर्वांनाच सोसते असें नाहीं. नव्यानें खोली मिळालेलीं माणसें पहिले कांहीं दिवस पलंग सोडून जमिनीवर निजतात, दिवा मालवीत नाहींत, कधीं कधीं आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसतात, असा अनुभव हें काम करणाऱ्यांना वारंवार येतो. पाहणाऱ्याला तो कृतघ्नपणा वाटतो. वस्तुतः तीं माणसें माणसांकडे गेलेलीं असतात.

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार ज्या प्रयोगांतून पुढें आला, त्यांचा आरंभ न्यूयॉर्क शहरांत झाला. तेथील जुनी पद्धत पायरीपायरीची होती. बेघर मनोरुग्णानें आधीं व्यसन सोडावें, औषध नियमानें घ्यावें, सामुदायिक निवाऱ्यांत नीट वागून दाखवावें, आणि मग त्याला स्वतंत्र घर मिळावें, असा तिचा क्रम. बहुतेक जण मधल्याच एखाद्या पायरीवरून घसरून पुन्हां रस्त्यावर येत. १९९२ सालीं सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञानें 'पाथवेज टु हाउसिंग' ही संस्था काढून हा क्रम उलटा केला. आधीं घर द्यावयाचें, तेंही कुठलीच अट न घालतां; आणि औषधोपचार, व्यसनमुक्ति वगैरे गोष्टी मनुष्याच्या इच्छेनें व सवडीनें मागून करावयाच्या. हें धाडस अनेकांना वेडेपणाचें वाटलें. पण पांच वर्षांनीं पाहतां या संस्थेचे शेंकडा ८८ भाडेकरू घरांत टिकून होते. शहराच्या जुन्या पद्धतींत हें प्रमाण शेंकडा ४७ होतें.

यानंतर कॅनडाच्या सरकारनें २००९ ते २०१३ या काळांत ११ कोटी डॉलर खर्चून याच कल्पनेची फार मोठी परीक्षा घेतली. व्हँकूव्हर, विनिपेग, टोरोंटो, माँट्रिअल आणि माँक्टन या पांच शहरांतील दोन हजारांहून अधिक बेघर मनोरुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, दोन गट पाडण्यांत आले. एका गटाला घर आणि घरीं येऊन मदत करणारी मंडळी मिळाली. दुसऱ्याला शहरांत जी नेहमींची मदत मिळत असे तीच मिळाली. अखेरच्या सहा महिन्यांत पहिल्या गटांतील शेंकडा ६२ माणसें सर्व काळ घरांत होतीं, दुसऱ्यांतील शेंकडा ३१. निवाऱ्याच्या दृष्टीनें निकाल निःसंशय होता. तथापि अहवालाचें दुसरें पान तितकें उजळ नव्हतें. मनोविकाराचीं लक्षणें दोन्ही गटांत कमी झालीं होतीं, पण घर मिळालेल्यांत तीं विशेष अधिक कमी झालीं असें आढळलें नाहीं. आणि समाजांत मिसळण्याच्या बाबतींतही दोहोंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं.

या निष्कर्षाचा उपयोग कांहीं टीकाकारांनीं घर देण्याच्या कल्पनेविरुद्ध केला. तो न्याय्य नव्हे. ताप उतरविण्याचें औषध पोट भरत नाहीं म्हणून त्याला कोणी खोटें ठरवीत नाहीं. घरानें घराचें काम केलें होतें. त्या आंकड्यांतून निघतें तें इतकेंच कीं, माणसांत परत येणें ही गोष्ट घराच्या किल्लीबरोबर आपोआप मिळत नाहीं. तिच्यासाठीं निराळी योजना, निराळीं माणसें आणि बराच वेळ लागतो.

एकटेपणा मनाला नेमका कोणत्या वाटेनें ग्रासतो हें पाहिल्यावांचून या योजनेचें स्वरूप कळणार नाहीं. ज्याला भास होतात, कानांत आवाज येतात, त्याच्या भोंवतीं दुसरा आवाजच नसला तर तो भास अधिक ठळक होतो. शेजारच्यांनीं आपल्यावर पाळत ठेवली आहे अशी शंका मनांत आली, तर ती चहाच्या कपाबरोबर कोणाजवळ बोलून दाखवितां येते आणि "अहो, ते आपल्या मुलाची वाट पाहत उभे असतात" एवढ्या उत्तरानें कधीं कधीं विरतेही. बोलायला कोणी नसलें तर तीच शंका रात्रभरांत सिद्धान्त होऊन बसते. दिवसाला आकार नसला कीं झोपेची वेळ सुटते, झोप सुटली कीं औषधाची वेळ सुटते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे हे विकार बहुधा अकस्मात् उलटत नाहींत. आधीं जेवण कमी होतें, मनुष्य अंघोळ टाळतो, रात्रीं येरझारा घालतो. हीं चिन्हें डॉक्टरला महिन्यांतून एकदां दिसणार नाहींत. रोज जिन्यांत भेटणाऱ्याला दिसतात. एकटेपणाचा भार केवळ मनावरच पडतो असेंही नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका आयोगानें २०२५ सालीं दिलेल्या अहवालानुसार जगांत दर सहा माणसांपैकीं एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यूंशीं त्याचा संबंध जोडतां येतो.

आतां, सोबत हवी म्हणून जुनेच सोबती घरीं येऊं द्यावेत, हें म्हणणें सोपें दिसतें. पण या कामांतील सर्वांत अवघड गांठ नेमकी येथेंच आहे. कडाक्याच्या थंडींत बाहेर निजणारा मित्र दाराशीं आला, तर कालपर्यंत त्याच्याच शेजारीं निजणारा मनुष्य त्याला नाहीं कसें म्हणणार? त्यानें आपल्या वाटची पोळी मोडून दिलेली असते. एकजण येतो, दुसऱ्याला आणतो. दारू येते, आरडाओरड होते. शेजारी तक्रार करतात, आणि घरमालक खोली काढून घेतो. क्वचित् असेंही होतें कीं पाहुणेच खोलीचा ताबा घेतात आणि भाडेकरू पुन्हां रस्त्यावर झोपतो. कॅनडांतील व अन्यत्रच्या कार्यकर्त्यांना हा अनुभव इतका वारंवार आला आहे कीं पाहुण्यांचें काय करावें हा त्यांच्या शिक्षणांतला एक स्वतंत्र विषयच झाला आहे. पाहुण्यांना सरसकट मनाई केली तर खोलीची कोठडी होते. मोकळीक दिली तर खोलीच जाते. अनुभवी कार्यकर्ते यांतून मधली वाट काढतात. मित्राला भेटायचें तें बाहेर, चहाच्या दुकानांत किंवा बागेंत. घरीं आलाच तर अमक्या वेळेपर्यंत. आणि नाहीं म्हणण्याची हिंमत होत नसेल तर "संस्थेचा नियम आहे" असें सांगून दोष संस्थेवर ढकलण्याची मोकळीक भाडेकरूला दिली जाते. ही शेवटची युक्ति फार शहाणपणाची म्हटली पाहिजे, कारण तिच्यामुळें मैत्रीही राहते आणि दारही.

या कामांत रस्त्यावरून स्वतः परतलेल्या माणसांचा मोठा उपयोग होतो. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक यांच्याबरोबर असा एखादा अनुभवी सोबती मदत-मंडळींत घेण्याची पद्धत अनेक ठिकाणीं पडली आहे. पहिल्या रात्रीं झोप कां येत नाहीं हें त्याला समजावून सांगावें लागत नाहीं.

परंतु सोबत कोणी द्यावयाची आणि कोणी घ्यावयाची, या कल्पनेंतच एक उणीव आहे. ती ज्यांनीं सर्वांच्या आधीं ओळखली, ते स्वतः मनोरुग्ण होते. १९४० नंतरच्या वर्षांत न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड येथील सरकारी मनोरुग्णालयांतून बाहेर पडलेले कांहीं जण शहरांत एकमेकांना भेटूं लागले. रुग्णालयाबाहेर त्यांना ओळख दाखविणारें कोणी नव्हतें, म्हणून त्यांनीं आपल्या मंडळाला 'आपण एकटे नाहीं' अशा अर्थाचें नांव घेतलें. १९४८ सालीं त्यांना मॅनहॅटनमध्यें एक घर मिळालें. त्याच्या अंगणांत कारंजें होतें, त्यावरून घराचें नांव 'फाउंटन हाऊस' पडलें. १९५५ सालीं जॉन बिअर्ड हा समाजसेवक तेथें संचालक म्हणून आला आणि त्यानें या घराला आजचें स्वरूप दिलें.

तेथें येणाऱ्याला रुग्ण म्हणत नाहींत, सभासद म्हणतात. आणि सभासदत्वाला मुदत नसते. सकाळीं यावयाचें तें कामाला. स्वयंपाकघरांत भाजी चिरणें, दाराशीं येणाऱ्याचें स्वागत करणें, टेलिफोन घेणें, हिशेब लिहिणें, वार्तापत्र काढणें, हीं सारीं कामें सभासद आणि पगारी कार्यकर्ते मिळून करतात. यांतील खरी मख्खी अशी कीं पगारी माणसांची संख्या मुद्दाम अपुरी ठेवलेली असते. सभासद आले नाहींत तर जेवण खरोखरच वेळेवर होणार नाहीं. म्हणून एखादा चार दिवस दिसला नाहीं तर त्याला दुसरा सभासद फोन करून विचारतो, आणि ती विचारपूस उपचाराची नसते; त्याच्यावांचून काम अडलेलें असतें. रुग्णालयांत किंवा निवाऱ्यांत वर्षें काढलेल्या मनुष्याला त्याची गरज कोणालाच नव्हती, हें तेथें दररोज न बोलतां सांगितलें गेलेलें असतें. त्याचा परिहार गोड शब्दांनीं होत नाहीं. चिरलेल्या भाजीनें कांहींसा होतो. या नमुन्यावर जगांतील अनेक देशांत मंडळें निघालीं, आणि १९९४ सालीं त्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली.

भारतांत या प्रश्नाचें रूप थोडें निराळें आहे, आणि त्याला मिळालेलें उत्तरही. चेन्नई येथें १९९३ सालीं वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनीं रस्त्यावरील मनोरुग्ण स्त्रियांसाठीं 'द बनियन' ही संस्था सुरू केली. उपचारानंतर अनेक स्त्रिया घरीं परतल्या. पण कित्येकींचीं घरें सांपडेनात, आणि कित्येकींचीं सांपडलीं तरी उघडेनात. त्या बऱ्या झाल्या होत्या आणि तरीही संस्थेंतच वर्षानुवर्षें राहत होत्या. त्यांच्यासाठीं २०१५ च्या सुमारास एक नवी योजना आखण्यांत आली. सामान्य वस्तींत, सामान्य भाड्याचें घर घ्यावयाचें आणि त्यांत चारपांच जणींनीं एकत्र संसार थाटावयाचा. कोणाबरोबर राहावयाचें हें त्यांनींच ठरवावयाचें. मदतीला एखादी सहायक स्त्री असते, आणि ती बहुधा त्याच भागांतली असते. तिला मनोविकारशास्त्राची पदवी नसते, पण किराणा कुठें स्वस्त मिळतो आणि शेजारचीचा स्वभाव कसा आहे हें ती जाणून असते.

बाजार कोणी करावा, मीठ किती घालावें, सणाला काय करावें, यांवरून अशा घरांत कुरबुरी होणारच. संस्थेच्या मोठ्या भोजनगृहांत त्या होत नसत, कारण तेथें मीठ घालणारा दुसराच होता. दाराशीं रांगोळी घालणारी, भाजीवाल्याशीं घासाघीस करणारी, वर्गणीला आलेल्या पोरांना आठ आणे कमी देणारी बाई गल्लींत हळूहळू 'त्या घरांतल्या बायकांपैकीं एक' न राहतां नांवानें ओळखली जाऊं लागते. या योजनेचा अभ्यास झाला तेव्हां अशा घरांतील स्त्रियांचें समाजांत मिसळणें वाढल्याचें दिसून आलें. कॅनडांतील एकेकट्या सदनिकांत जें सहज साधलें नव्हतें, त्याच्या जवळपास हीं चुलीभोंवतीचीं घरें आलीं, असें म्हणावयास हरकत नाहीं. दोन देश, दोन रीति. तुलना ताणूं नये हेंही खरें. एकांताची हौस असणाऱ्याला चारचौघांचें बिऱ्हाड जाचक होईल, आणि त्याला तसें म्हणण्याचा हक्क असलाच पाहिजे.

महाराष्ट्रांत याच क्षेत्रांतील सर्वपरिचित नांव डॉ. भरत वाटवानी यांचें आहे. त्यांनीं आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी यांनीं १९८८ सालीं श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठान स्थापन केलें. २००६ सालीं कर्जत येथें त्याचें केंद्र उभें राहिलें, आणि २०१८ सालीं डॉ. भरत वाटवानी यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरील मनोरुग्णाला आणावयाचें, उपचार करावयाचे, स्मृति ताळ्यावर आली कीं गांवाचें नांव विचारून त्याला दूरदूरच्या राज्यांतही त्याच्या घरीं पोंचवावयाचें, असें हें काम आहे. मेला असें समजून ज्याचे दिवस घातले, तो मुलगा दाराशीं उभा राहतो, तेव्हांच्या आनंदाची कल्पना कोणालाही करतां येईल. पुढच्या महिन्यांची कल्पना मात्र सहसा कोणी करीत नाहीं. मधल्या काळांत भावाचें लग्न झालेलें असतें, निजण्याची जागा भरलेली असते, गांवांत "वेडा परत आला" अशी कुजबूज असते. औषधाची गोळी तालुक्याला मिळेल कीं नाहीं याचा भरंवसा नसतो. भरल्या घरांतही मनुष्य एकटा राहूं शकतो. पडवींत निराळें ताट सरकवलें म्हणजे झालें. यास्तव घरीं पोंचविल्यावर औषध आणि विचारपूस चालू राहणें हेंही पोंचविण्याइतकेंच महत्त्वाचें ठरतें.

कायद्यानें या बाबतींत समाजाच्या पुढें एक पाऊल टाकलें आहे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या १९ व्या कलमानें प्रत्येक मनोरुग्णाला समाजांत राहण्याचा हक्क दिला. आणि कुटुंब नाहीं, कुटुंब स्वीकारीत नाहीं किंवा राहावयास घर नाहीं, एवढ्याच कारणानें कोणालाही मनोरुग्णालयांत ठेवून घेतां येणार नाहीं असें स्पष्ट म्हटलें. त्याच कायद्याच्या १०० व्या कलमानें, भटकणारा आणि स्वतःची काळजी घेऊं न शकणारा मनोरुग्ण आढळल्यास त्याला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आंत सरकारी आरोग्यकेंद्रांत पोंचविण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली, आणि त्याला कोठडींत ठेवण्यास मनाई केली.

समाजांत राहण्याचा हक्क म्हणजे व्यवहारांत कोणाच्या तरी इमारतींत राहण्याचा हक्क. तेथें अडतें. खोली भाड्यानें द्यावयाची म्हटलें कीं सोसायटीच्या सभेंत मुलाबाळांच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघतो, आणि सभ्य भाषेंत नकार कळविला जातो. फिनलंडमध्यें २००८ पासून सरकारनें बेघरांना कायमचीं घरें देण्याचा मोठा कार्यक्रम हातीं घेतला, तेव्हां तेथेंही नव्या जागांना शेजाऱ्यांचा विरोध झालाच. तेथील संस्थांनीं वाद घालण्यापेक्षां शेजारकाम नांवाचें एक कामच सुरू केलें. राहणारे लोक कार्यकर्त्यांबरोबर ठराविक वेळीं बाहेर पडून आसपासचे रस्ते झाडतात, कचरा वेंचतात. तक्रार असेल तर शेजाऱ्यानें कोणाला बोलावावयाचें हें आधींच सांगून ठेवलेलें असतें. मनुष्य झाडू घेऊन समोर रोज दिसूं लागला म्हणजे त्याच्याशीं निदान पावसापाण्याचें बोलावें लागतें.

आपल्या इमारतींतून यासाठीं फार मोठें कांहीं मांडावयास नको. अशा भाडेकरूला जिन्यांत नांवानें हांक मारावी. पूर्वीं कुठें होतां, काय झालें होतें, हें त्यानें आपण होऊन सांगेपर्यंत विचारूं नये. गणपतीच्या दिवसांत वर्गणी त्याच्याकडेही मागावी आणि पाट-तोरणाचें एखादें काम त्याच्यावरही सोंपवावें. मात्र पैशाचें काम सांगितलें तर इतरांना देतां तितकाच पैसा त्यालाही द्यावा. दुधाची पिशवी दाराबाहेर तशीच पडलेली दिसली, रात्रीं येरझारांचा आवाज येऊं लागला, तर सेक्रेटरीकडे तक्रार नेण्याआधीं दार वाजवून बरें आहे ना, एवढें विचारावें, आणि त्याची देखभाल करणाऱ्या संस्थेस कळवावें. संस्थेचा पत्ता नसला तर भारत सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी-सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; तिचा क्रमांक १४४१६ असून ती दिवसरात्र चालते आणि तेथें मराठींत बोलतां येतें.